थोरलीची पिल्लं

ओहोटी लागून तासभर झाला की चिखल उघडा पडायचा. मग काकी बांधावर उभ्या राहायच्या, एकदा डावीकडे बघायच्या, एकदा उजवीकडे, पायाच्या अंगठ्याने काठचा चिखल जरा उकरायच्या आणि म्हणायच्या, "आज वर." नाहीतर म्हणायच्या, "आज खाली." एवढंच. वीस-बावीस बायका कपडे गुडघ्याच्या वर खोचून तिकडे निघायच्या. का, कशावरून, असं कोणी विचारत नसे. चाळीस वर्षं काकींनी चिखलाचं ऐकलं होतं आणि बायकांनी काकींचं.

त्या बायकांत वयाने सगळ्यात लहान काकींची सून. म्हणून सगळ्या तिला धाकटी म्हणत, आणि घरातही तेच नाव रुळलं होतं. धाकटीच्या कमरेला एक दोरी असायची आणि दोरीच्या टोकाला मासळीचं प्लास्टिकचं क्रेट. त्यात तिची दीड वर्षाची छकुली बसायची. ओल्या चिखलावरून ते क्रेट तेल लावल्यासारखं सरकायचं. छकुली दोन्ही हातांनी कडा धरून मोठ्या मिजाशीत इकडेतिकडे बघायची आणि आई जरा थांबली की दोरीला हिसका द्यायची. शेजारची म्हणायची, "बैल झकास मिळालाय गं पोरीला." या शेजारणीचं तोंड एकदा पेटलं की माळ संपेपर्यंत थांबत नसे, म्हणून तिला नाव पडलं होतं फटाकडी.

काम होतं पायाचं. चिखलात डोळ्यांना काही दिसत नाही. टाच रोवायची, बोटं पसरायची, पाऊल हळूच पिळायचं. शिंपली असली की तळव्याला टणक लागतं. मग वाकायचं, कोपरापर्यंत हात घालायचा, काढायची, कमरेच्या जाळीत टाकायची, की पुन्हा टाच. संध्याकाळी धाकटीची कंबर अशी धरायची की छकुलीला उचलायच्या आधी ती एक हात भिंतीला लावून घ्यायची. बोटांच्या बेचक्यांत खाऱ्या पाण्याने भेगा पडल्या होत्या, त्या जेवताना झोंबायच्या.

शिंपल्या दोन जातींच्या. खाली, खाडीच्या प्रवाहालगत लागायची ती थोरली. जाड, राखी, मुठीत जेमतेम दोन मावतील अशी. वर, खारफुटीच्या झाडांपाशी लागायची ती चिमणी. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, पातळ, पिवळसर. थोरली नगावर विकली जायची, चिमणी मापावर. दोहोंच्या मधे चिखलाचा एक उतार होता, मांडीपर्यंत पाय आत ओढणारा. तिथे काही लागत नसे. फळ्या टाकून बायका तो घाईने पार करायच्या आणि पलीकडे गेल्यावरच तोंड उघडायच्या. गेली तीन-चार वर्षं थोरली रोडावली होती. काकी आता सातातले पाच दिवस "आज वर" म्हणायच्या. घर चिमणीवर चालायचं.

पावसाळा सरला आणि मत्स्यखात्याच्या एक मॅडम आल्या. वयाने धाकटीएवढ्याच असतील. बांधावरून उतरून चार पावलं आल्या आणि त्यांचा गमबूट चिखलाने धरला. त्यांनी पाय ओढला तर पाय आला आणि बूट तिथेच राहिला. फटाकडीने तो उपसून काढला, उलटा करून पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी असा पुढे केला की जणू मानपत्रच. मॅडम लाल झाल्या, पण परत गेल्या नाहीत. दुसरा बूट काढून त्यांनी बगलेत धरला आणि अनवाणी चालत छपरीपर्यंत आल्या, जिथे बायका माल निवडायला बसत.

किनाऱ्यावरची आणि समुद्रातली जीवसृष्टी टिकावी म्हणून सरकारने नवं धोरण आखलं आहे, असं त्यांनी सांगितलं. एक नकाशा पसरला. वरचा चिखल हिरवा, खालचा पिवळा, प्रवाह निळा. मग पिशवीतून एक लोखंडी कडं काढलं. जी शिंपली या कड्यातून खाली पडेल ती काढायची नाही, सापडली तर परत सोडायची. शिवाय वरचा चिखल वर्षातले चार महिने सगळ्यांना बंद. लहान शिंपल्या म्हणजे मोठ्यांची पिल्लं आहेत, पिल्लंच उचलली तर मोठ्या होणार कुठून, असं त्यांचं म्हणणं होतं. कोणाची हरकत असेल तर उन्हाळ्यात शाळेत सुनावणी होईल, तिथे मांडावी.

काकींनी मुठीतली एक चिमणी त्या कड्यातून टाकली. ती पडली. दुसरी टाकली, तीही पडली. सगळ्या जाळीतली एकही अडकली नसती, हे सगळ्यांना दिसत होतं.

"मॅडम," काकी म्हणाल्या, "ही चिमणी. ही एवढीच होते. हिला तुम्ही दहा वर्षं सांभाळा, तरी एवढीच. चिमणीची घार होत नाही."

बायका खो खो हसल्या. हसणं ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, "मग मला एवढंच सांगा. थोरलीची पिल्लं कुठे असतात?"

"असतील चिखलात."

"कोणी पाहिलीत?"

मग फटाकडी म्हणाली, "आम्हाला काही बाळंतपणाला बोलावलं नव्हतं बाई," आणि पुन्हा हशा उसळला. मॅडमही हसल्या, नकाशा गुंडाळला आणि कडं काकींपाशी ठेवून गेल्या.

धाकटी मात्र हसली नव्हती. छकुली तिच्या मांडीवर पेंगत होती आणि ती विचार करत होती की खेकड्याची पिल्लं आपण पाहिलीत, डोळ्यात जाईल एवढाली. कोळंबीची अंडी पाहिलीत. काठावरच्या बगळ्यांची उघडी नागडी पोरं पाहिलीत. थोरली आपण लग्न होऊन आल्यापासून काढतो, पण तिचं लहानपण काही आपण पाहिलं नाही. चिमणीची म्हातारीही पाहिली नाही.

काकींनी त्याच आठवड्यात हरकतीचा अर्ज करायचा ठरवला. धाकटी दहावीपर्यंत शिकलेली, तेव्हा लिहायला तीच बसली. काकी सांगत गेल्या, ती लिहीत गेली. चिमणी ही वेगळी जात आहे. ती बंद करून थोरलीला काही फायदा नाही. चार महिने वरचा चिखल बंद झाला तर आमच्या घरांत शिजवायला काही उरणार नाही. 'वेगळी जात आहे' इथे धाकटीचं पेन थांबलं.

"काय झालं?" काकींनी विचारलं.

"काही नाही आई. शाई अडली."

खाली बावीस सह्या आणि अंगठे पडले. पहिला अंगठा काकींचा.

चार दिवसांनी धाकटीने आपल्या वाट्याच्या चिमण्यांतून साठ बाजूला काढल्या आणि मोरीत बादलीभर खाऱ्या पाण्यात ठेवल्या. दुपारी छकुली झोपली, काकी शेजारी गेल्या, की ती मोरीच्या उंबऱ्यावर बसायची. नवरा बर्फाच्या कारखान्यात होता. लाद्या ओढायच्या आकड्याला धार लावायला त्याने घरी एक कानस ठेवली होती. त्या कानशीने धाकटी प्रत्येक चिमणीच्या अगदी कडेला बारीक खाच पाडायची. शिंपली वाढते ती कडेने वाढते, एवढं तिला तिच्यावरच्या रेघांवरून कळत होतं. वाढली तर खाच आत जाईल, नाही वाढली तर कडेलाच राहील. साधा हिशेब. आणि पुन्हा ओळखू यावी म्हणून पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका. नणंदेच्या लग्नातली लाल बाटली कपाटात अर्धी वाळून पडली होती.

तीन दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी छकुली मधेच उठून आली, आईच्या मांडीला टेकून सगळं बघत राहिली आणि मग स्वतःचा अंगठा पुढे केला. धाकटीने त्यावर एक ठिपका दिला. संध्याकाळी काकींनी तो पाहिला.

"आत्तापासून नटवतेस होय पोरीला?"

"रडत होती," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी "आज वर" झाल्यावर तिने त्या साठही चिमण्या वाकड्या खारफुटीच्या बुंध्यापाशी, एका खाटेएवढ्या जागेत चिखलात खुपसल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? सासूबाई, तुम्ही म्हणता ते खरं की खोटं ते मी बघतेय? तिला सासूला खोटं पाडायचं नव्हतं. चिमणी चिमणीच राहिली असती तर तिने आनंदाने सुनावणीत उभं राहून सांगितलं असतं की हा पुरावा. तिला फक्त कळायला हवं होतं. रात्री छकुलीला थोपटताना, सकाळी जाळी बांधताना, तेच डोक्यात. वाढत असतील का? आत्ता, या क्षणी?

महिन्याभराने तिने त्या जागी पायाने चाचपलं. अकरा ठिपके सापडले. खाच कडेलाच. की किंचित आत? कानशीचा हात कुठे हलका, कुठे जड पडला असेल. दुसऱ्या महिन्यात चार सापडले. यांची खाच तांदळाच्या दाण्याएवढी आत होती असं तिला वाटलं, पण वाटण्याला काय, आपल्या पोराच्या चेहऱ्यात आपलं नाकही दिसतं. तिसऱ्या महिन्यात एकही नाही. तिने बुंध्याभोवतालची सगळी जागा पिळून काढली. कुणाच्या तरी पायाला लागल्या असतील आणि मापात गेल्या असतील. मोठा वेडेपणा केला, असं म्हणून तिने तो विषय मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला. नवरा कुरकुरत होता, की कानशीला काय झालंय कळत नाही, दगडावर घासल्यासारखी बोथट झालीय.

दिवस उन्हाचे झाले. चिखल वरून तडकायला लागला, पाय पोळायला लागले. छकुली आता क्रेटमध्ये उभी राहू लागली होती आणि दर दोन दिवसांनी तोंडावर पडून चिखलाने माखून उठायची. सुनावणीला बारा दिवस उरले होते. त्या दिवशी काकींनी बऱ्याच दिवसांनी "आज खाली" म्हटलं होतं. परत येऊन सगळ्या छपरीत माल निवडत बसल्या. थोरल्या अशा निघाल्याच थोड्या, बाईमागे शंभर-सव्वाशे. फटाकडी आपल्या धुवत होती. एक धुवून तिने वर धरली.

"ही बघा गं कोण नटवी. टिकली लावून आलीय."

राखी शिंपलीच्या पाठीवर, वरच्या टोकाशी, अर्धा उडालेला लाल ठिपका. शिंपली या हातातून त्या हातात फिरली. कुणी म्हणालं, सासरी निघाली असेल. कुणी म्हणालं, एवढी नटलीय तर हिचा भाव वेगळा लावा. धाकटीच्या हातातली चिखल खरवडायची सुरी तशीच राहिली. शिंपली काकींकडे आली. काकींना आता बारीक दिसत नसे, त्या सगळं अंगठ्याने बघत. त्यांचा अंगठा ठिपक्यावरून खाली सरकला, शिंपलीच्या मध्यावर आला आणि थांबला. तिथेच दोनदा पुढेमागे झाला.

"होडीचा रंग लागला असेल," काकी म्हणाल्या आणि ती शिंपली त्यांनी ढिगात न टाकता स्वतःच्या कमरेच्या पिशवीत टाकली.

धाकटीने सुरी पुन्हा चालवायला घेतली. पण घरी गेल्यावर, छकुलीला आंघोळ घालून झाल्यावर, तिला राहवेना. जनावर खुंट्याला ओढ घेतं तसं मन ओढ घेत होतं. काकी दाराशी पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. धाकटी समोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. साठ चिमण्या, ठिपका, खाच, वाकडी खारफुटी.

काकी तेल चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "खाच कोणी पाडली ते मला तिथेच कळलं. आपल्या घरची कानस एका बाजूला खाल्लेली आहे. तिची रेघ तिरकी पडते."

त्यापुढे दोन दिवस त्या धाकटीशी बोलल्या नाहीत. रागावून आदळआपट केली असती तर बरं, असं धाकटीला झालं. नवऱ्याने बर्फाने बधिर झालेले हात कपबशीभोवती धरून विचारलं, की तुमच्यात काय बिनसलंय. दोघीही काही नाही म्हणाल्या. धाकटीला काय वाटत होतं ते नवऱ्याला सांगायला शब्द नव्हते. चिमणी मोठी होते हे कळल्याचा तो आनंद, कोणाला दाखवता येत नव्हता असा, आणि त्याच्या जोडीला चार महिन्यांचा रिकामा डबा. अर्ज तिच्याच अक्षरात होता. ती गप्प राहिली तर तो कदाचित चालूनही जाईल. मॅडमकडे पुरावा नव्हता. पुरावा काकींच्या पिशवीत होता.

तिसऱ्या दिवशी ओहोटी पहाटेची होती. उजाडतंय न उजाडतंय तोच काकी क्रेट घेऊन दारात उभ्या होत्या.

"उठ. पोरीला घे. बायका यायच्या आत मला दाखव, कुठे सोडल्या होत्यास."

त्या वाकड्या बुंध्यापाशी गेल्या. काकींनी तिथून खालच्या चिखलाकडे पाहिलं. दोनशे पावलं तरी होती.

"पाय नाहीत, पंख नाहीत," काकी म्हणाल्या. "गेली कशी ही तिथवर?"

"लाटेने वाहिली असेल."

"वाहिली असती तर उथळ राहिली असती. फटाकडीने कोपरभर खोलातून काढली. मी बघत होते." मग त्यांनी उताराकडे हात केला. "वाट काय ती एकच आहे."

उतारावर त्यांनी दोन फळ्या टाकल्या. काकी एका फळीवर पालथ्या झाल्या, पासष्ट वर्षांची बाई, आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. उतारावर आजवर पायानेच चाचपलेलं, आणि तेही वरवर. पाय टिकतच नसे, तर दाबणार काय. काकींचा गाल चिखलाला टेकला होता, डोळे मिटले होते, आणि हात आत कुठेतरी हळूहळू हलत होता. क्रेटमधून छकुली आजीकडे टक लावून बघत होती.

काकींनी हात काढला. मुठीत तीन शिंपल्या होत्या. चिमणीपेक्षा मोठ्या, थोरलीपेक्षा लहान. रंग ना पिवळा ना राखी, दोहोंच्या मधला.

"ही कुठली?" काकींनी विचारलं.

धाकटीला सांगता येईना. अशी शिंपली तिने पाहिलीच नव्हती. म्हणजे एखाददुसरी पाहिली असेल, पण तिला मरतुकडी थोरली म्हटलं असेल नाहीतर दांडगी चिमणी. तिला नावच नव्हतं. दोघी शेजारी शेजारी पालथ्या पडून हात घालत गेल्या. जिथे काहीच नाही म्हणून बायका जीव मुठीत धरून पार व्हायच्या, तिथे हातभर खाली त्या खच्चून भरल्या होत्या. तासाभरात धाकटीला दोन लाल ठिपके सापडले. तिने ते काकींच्या तळहातावर ठेवले. काकींनी अंगठा फिरवला. तिरकी खाच, कडेपासून अर्ध्या नखावर.

"चालतात," काकी म्हणाल्या. "बघायचंय मला."

त्यांनी एक शिंपली फळीवर ओल्या चिखलाच्या गोळ्यावर ठेवली. दोघी वाट बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने शिंपलीची फट उघडली आणि आतून जिभेच्या टोकासारखं काहीतरी पांढरं, मऊ, बाहेर आलं, चिखल चाचपत, रुतलं, फुगलं, आणि अख्खी शिंपली टचकन एका बाजूला कलून बोटभर आत शिरली.

"अगं बाई," काकी अगदी हळू म्हणाल्या. "आपल्यासारखंच करते की. आधी टाच रोवते."

पाणी भरायला लागलं होतं. दोघी फळ्या ओढत बांधावर आल्या. उतार पाण्याखाली गेला तशा प्रवाहातून रेतीच्या तीन होड्या वर चढल्या, रोज चढायच्या तशाच. पाणी वाढेपर्यंत थांबायला त्यांनी नांगर टाकले, आणि टाकले ते नेहमीच्याच जागी, उतारावर. पहिल्या होडीचा नांगर धरेना, ओढत ओढत पन्नास हात गेला. मागे चिखलाचं गढूळ पाणी वर आलं. रोजचंच दृश्य होतं ते. काकी पाणी पायांना लागेपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

सुनावणी शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. बाकं पोरांची, तेव्हा बायका गुडघे वर करून कशाबशा बसल्या. समोर खात्याचे मोठे साहेब, बाजूला मॅडम, भिंतीवर तोच नकाशा. रेतीवाल्यांचे दोघंतिघं मागे उभे होते. साहेबांनी अर्ज वाचून दाखवला आणि विचारलं, की अर्जदार काही बोलणार का. फटाकडीने काकींना कोपराने ढोसलं. आता बघा काकी कसा बार काढतात, अशा तोंडाने ती सगळीकडे बघत होती.

काकी उठल्या. बाकाला धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा.

"अर्ज माझा आहे," त्या म्हणाल्या. "तो चुकीचा आहे."

वर्गात कुजबुज उठली. काकींनी पिशवीतून शिंपल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. चिमणी, मग दोन ठिपकेवाल्या, मग फटाकडीची ती नटवी. खाच दाखवली. कोणी, कधी, कशी पाडली ते सांगितलं. आमच्या सुनेने, असं म्हणाल्या, आणि धाकटीने छकुलीच्या केसांत तोंड लपवलं. मॅडम उठून टेबलाशी आल्या आणि स्वतःचा अंगठा त्या खाचेवर फिरवू लागल्या.

"काकी," फटाकडी मागून म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुम्हीच सांगितलंत की जात वेगळी. तुमच्या शब्दावर अंगठे दिले आम्ही. आता चार महिने काय चिखल खायचा?"

काकी तिच्याकडे वळल्या. "मीच सांगितलं. चाळीस वर्षं सांगत आले. तितकी वर्षं तुम्ही माझ्या मागून पिल्लं उचललीत. थोरली कुठे गेली म्हणून आपण रडतो, ती आपणच मापावर विकली."

काकींनी ओठ पुसले आणि नकाशापाशी गेल्या. हिरव्या आणि पिवळ्याच्या मधे एक पांढरा पट्टा सुटला होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. वरचा चिखल चार महिने घ्या, त्या म्हणाल्या, कडंही लावा. पण पोरांचं अंगण राखून त्यांची वाट नांगरली तर उपयोग काय? हा पट्टाही घ्या. इथे नांगर पडता कामा नये. आमचाही नाही आणि कोणाचाच नाही.

मागून एक रेतीवाला पुढे आला. साहेब, ही जागा आम्ही रोज बघतो, तो म्हणाला. "तिथे काही नाही."

"मीपण असंच म्हणायचे," काकी म्हणाल्या.

साहेबांनी घसा साफ केला. पट्ट्याची पाहणी करावी लागेल, लगेच काही सांगता येणार नाही, पण पाहणी होईपर्यंत तिथे नांगर टाकू नये असं तात्पुरतं पत्र काढू. वरच्या चिखलाचं मात्र ठरल्याप्रमाणे, येत्या अमावस्येपासून चार महिने बंद. मॅडम पेन्सिलने पांढऱ्या पट्ट्यावर रेघा मारत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, की या मधल्या शिंपलीला तुम्ही काय म्हणता, कागदावर लिहायला हवं.

"नाव नाही तिला," काकी म्हणाल्या. "कधी लागलंच नाही."

परतताना बायका पुढे निघून गेल्या. एरवी काकींच्या मागे चालायच्या, आज कुणी थांबलं नाही. त्यांच्या पाठी रागावलेल्या दिसत होत्या, आणि राग खोटा नव्हता. बांधाची वाट अरुंद, ऊन तापलेलं, डाव्या हाताला पाणी चढत होतं. धाकटी मनात मोजत होती: खालच्या चिखलात कड्यात अडकतील अशा दिवसाला किती मिळतील, नवऱ्याला कारखान्यात जादा पाळी मिळेल का, छकुलीला सांभाळून जाळी विणायला दिवसाला किती तास निघतील. जमेल, ओढाताण करून. काकींचं काय होईल ते तिला मोजता येत नव्हतं. त्या पुढे पाय टाकत होत्या, पण उद्या बांधावर उभ्या राहून त्या काय म्हणणार, आणि कोणाला?

बरंच अंतर गेल्यावर काकी थांबल्या. बांधाच्या कडेला दगडांत खेकडे पळत होते.

"हे काळे," त्या म्हणाल्या, "आणि ते लालसर टोकांचे. दोन जाती, असं मीच सांगितलंय ना सगळ्यांना?"

"हो आई."

"माझ्या सासूने मला सांगितलं. तिला तिच्या सासूने." त्या वाकून बघत राहिल्या. "मला आता खात्री नाही."

धाकटीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून डोळ्यांत पाणीही आलं. तिने छकुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "चार महिने आहेत," ती म्हणाली.

पुढे फटाकडीचा पाय मंदावला होता. ऐकायचं नाही असं ठरवलं तरी कान तिचेच. ती मागे वळली. "कशाची खात्री नाही?"

तिच्यामागे बाकीच्याही थबकल्या, एकेक करून, वाट अडवून उभ्या राहिल्या. काकींनी मान वर केली. त्या काय सांगतात याची बायका सवयीने वाट बघू लागल्या.

"लाल टोकांचा खेकडा लहान असताना कसा दिसतो?" काकींनी विचारलं. "मला माहीत नाही. तुमच्यातल्या कोणी पाहिलाय?"

मग अगदी मागे उभी असलेली एक, जी छपरीत कधी तोंड उघडत नसे, ती म्हणाली की तिने एकदा एक पाहिला होता, कात टाकताना, आणि तो काळा होता. लगेच फटाकडी म्हणाली की काहीतरीच, काळा कसा असेल, आणि दुसरी म्हणाली की तू गप गं, तिला सांगू दे. काकी बांधावर खाली बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवले आणि त्या मागच्या बाईला म्हणाल्या, "ये, पुढे ये. नीट सांग."